जुन्या व्हर्जनचे एकमेव मालक

दिवाकर खासनीसांबद्दल चार चांगले शब्द लिहा असं कोणी मला सांगितलं, तर त्यांचं अक्षर सुंदर होतं एवढं लिहून मी पेन खाली ठेवीन. अक्षर खरोखरच सुंदर होतं. त्या अक्षरात त्यांनी माझ्या खरेदीच्या फायलींवर सहा वर्षं ओळीने एकच वाक्य लिहिलं, 'सध्या आवश्यकता वाटत नाही.' खाली सही आणि सहीखाली दोन टिंबं. दोनच का, हे विचारायची हिंमत ऑफिसात कोणी केली नाही. मला तर उत्सुकताही नव्हती.

हडपसरला आमच्या पॅथॉलॉजी लॅबचं मुख्य ऑफिस आहे. येरवडा, मार्केट यार्ड अशा नऊ ठिकाणांहून रक्ताची सॅम्पल्स इथे येतात, तपासली जातात आणि रिपोर्ट संगणकावरून त्या त्या शाखेत जातात. मी तिथे खरेदी आणि स्टोअर सांभाळायचो. खासनीस सिस्टिम्सचे प्रमुख, म्हणजे ज्या संगणकांवर हे सगळं चालतं त्यांचे. हाताखाली एक माणूस. तरी 'आमचा विभाग' म्हणताना आवाज असा लावायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आत शंभर जण कामाला आहेत. माझं टेबल त्यांच्या केबिनच्या काचेला लागून होतं, त्यामुळे दिवसातले आठ तास ते मला दिसायचे. शिक्षा म्हणून मला तिथे बसवलं नव्हतं, प्लगपॉइंट तेवढा तिथे होता.

त्यांच्या मोठेपणाचं मूळ कळायला थोडं तांत्रिक ऐकावं लागेल. मलाही ते कळत नव्हतं, त्यामुळे कोणी घाबरायचं कारण नाही. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात दहा-बारा संगणक चालतात. खरे नसतात, पण खऱ्यासारखं काम करतात. एकावर रिपोर्ट, एकावर हजेरी, असं. या मोठ्या सर्व्हरला म्हणतात होस्ट. त्याला हुकूम द्यायला आपल्या टेबलावरच्या संगणकात एक प्रोग्रॅम लागतो, तो क्लायंट. अट एकच, दोघांची व्हर्जनं एकमेकांना चालली पाहिजेत. नव्या क्लायंटने जुन्या होस्टचं दार वाजवलं तर उघडत नाही, आणि जुन्याने नव्याचं वाजवलं तरी नाही. आमच्याकडे तीन होस्ट होते, दोन जुनाट आणि एक नवा. जुन्या दोघांना चालणारा क्लायंट इतका म्हातारा होता की तो बनवणाऱ्या कंपनीनेही आपल्या साइटवरून काढून टाकला होता. पुन्हा उतरवून घ्यायची सोय नाही. तो उरला होता फक्त खासनीसांच्या केबिनमधल्या एका डेस्कटॉपवर.

त्या डेस्कटॉपला मिक्सरला घालतात तसलं झालरीचं कव्हर होतं. सकाळी आले की खासनीस कव्हर काढायचे, त्याची घडी घालायचे, लॅबमधून मागवलेल्या स्पिरिटच्या बोळ्याने कीबोर्ड पुसायचे आणि मगच बसायचे. जुन्या होस्टवरचं काहीही काम असलं की ज्याला गरज त्याने केबिनमध्ये जायचं आणि उभं राहायचं. उभंच, कारण खुर्ची एकच होती. दुसरी मी स्टोअरमधून दोनदा पाठवली आणि दोन्ही वेळा ती 'अडचण होते' या शेऱ्यासह बाहेर आली.

एकदा खाली लॅबमधले म्हस्के धावत आले. मांजरी गावचा माणूस, कामाला वाघ, बोलायला सरळ.

"सर, रिपोर्टचं मशीन बंद हाय. पेशंट बसल्यात खाली."

खासनीसांनी चष्मा पुसला. "मशीन म्हणजे कुठलं? रक्त तपासायचं, छापायचं, की शिवणाचं?"

"आवो, ज्याच्यावरनं रिपोर्ट निघत्यात ते."

"त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. नीट नाव घ्या, मग बघू."

म्हस्क्यांनी नाव घेतलं. मग खासनीसांनी ते कोणत्या होस्टवर आहे हे विचारलं, जे म्हस्क्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. मग आपण होऊन सांगितलं. मग त्या होस्टचं व्हर्जन सांगितलं, प्रत्येक टिंबासकट, सावकाश. शेवटी एक बटण दाबलं आणि मशीन सुरू झालं. चाळीस मिनिटं गेली होती. खाली एक बाई आपल्या तापलेल्या लेकराला मांडीवर घेऊन बसली होती, तिचं या विद्वत्तेशी काही देणंघेणं नव्हतं. बाहेर येताना म्हस्के माझ्या टेबलाशी थांबले. "काका, ह्यो मानूस घरी चहा मागताना बी व्हर्जन इचारत आसंल."

दोन्ही जुने होस्ट नव्या व्हर्जनवर नेणं हे दोन रविवारांचं काम होतं. हे मला पुरवठादाराच्या इंजिनिअरने सांगितलं. दरवर्षी मी तो प्रस्ताव फायलीत घालून पाठवायचो आणि दरवर्षी ते सुंदर अक्षर परत यायचं. एका वर्षी तो इंजिनिअर स्वतः आला. खासनीसांनी त्याला दीड तास बाहेर बसवलं आणि मग आत घेऊन उभं केलं.

"नव्या व्हर्जनमध्ये पुढची दहा वर्षं काही बिघडणार नाही, असं लिहून द्या."

"असं कोण लिहून देतं, सर?"

"मग आम्ही तरी का घ्यावं? नवं व्हर्जन म्हणजे नव्या चुका. जुन्यातल्या चुका निदान आपल्या ओळखीच्या असतात."

हे वाक्य त्यांचं ठरलेलं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते शहाणपणाचं वाटायचं, मलाही वाटलं होतं. खरी गोष्ट अगदी साधी होती. जुने होस्ट गेले असते तर ज्याचं काम त्याने आपापल्या टेबलावरून केलं असतं आणि त्या केबिनमध्ये उभं राहायला कोणी गेलं नसतं. नव्या होस्टमधलं खासनीसांना ओ की ठो येत नव्हतं. त्याला ते 'पोरांचं खेळणं' म्हणायचे आणि त्याची सगळी कामं हाताखालच्या माणसावर ढकलायचे. असल्या माणसाला आळशी म्हणणंसुद्धा आळसाचा अपमान आहे. आळशी माणूस निदान दुसऱ्याच्या वाटेत झोपत नाही.

त्यांची आणखी एक पद्धत होती. एका औषध कंपनीने दिलेली जाडजूड डायरी त्यांच्या खणात असायची आणि तिच्यात सगळ्यांचे पासवर्ड लिहिलेले. ज्याला ज्याला होस्टवर जायचा अधिकार होता, त्याच्याकडून ते पहिल्याच आठवड्यात नाव आणि पासवर्ड लिहून घ्यायचे. "सारखं कोण उठून येणार इथे? तुमच्याच सोयीसाठी आहे." लोक द्यायचे. आपल्याकडे साहेबाने सोय म्हटलं की माणूस सही करतो.

या सोयीचा उपयोग मला हळूहळू कळला. होस्टवर कोणी काय केलं याची नोंद आपोआप होत असते, तिला लॉग म्हणतात. कामं साधी असली तर खासनीस स्वतःच्या नावाने करायचे. जरा धोक्याचं काही असलं, म्हणजे पुसायचं, हलवायचं, बंद करायचं, की खण उघडायचा, डायरी बाहेर यायची आणि ते एका पानावर बोट ठेवून एकेक अक्षर टाइप करायचे. स्वतःचं नाव टाइप करायला कोणाला डायरी लागत नाही. काम नीट झालं तर दुपारी चहाला सांगायचे, "आज मीच केलं ते." बिघडलं तर लॉगमध्ये दुसऱ्याचं नाव तयार असायचं.

खासनीसांच्या हाताखालच्या त्या एका जागेवर आधी गायकवाड होते. चाळिशीचे, दोन मुलींचे बाप. एके दिवशी हजेरीचा संगणक पुसला गेला आणि लॉगमध्ये गायकवाडांचं नाव निघालं. ते सांगत राहिले की मी नाही केलं. महिन्याभरात त्यांना जावं लागलं. त्या दिवशी मी डायरी उघडलेली पाहिली होती. मी काही बोललो नाही. आपण स्टोअरचे, आपल्याला त्यातलं काय कळतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला लगेच पटलं.

मग त्या जागेवर शबाना शेख आली. तिचं घर भवानी पेठेत, वडिलांचं पुस्तकं बांधायचं दुकान. त्यांची नजर अधू झाल्यावर दुकान बंद पडलं आणि घर तिच्या पगारावर आलं. पहिल्याच दिवशी खासनीस म्हणाले, "अरे वा, तुमचं मराठी छान आहे हो!"

"चार पिढ्या पुण्यात आहोत, सर," ती म्हणाली. "तुमचंही छान आहे."

मी खाली वाकून खणात काहीतरी शोधू लागलो. खासनीसांना तो टोला लागला की नाही, सांगता येत नाही. त्यांच्यापर्यंत दुसऱ्याचं बोलणं पोचायला वेळ लागायचा. डायरी पुढे आली तेव्हा ती म्हणाली, "पासवर्ड लिहून द्यायचा नसतो, सर." ते म्हणाले, "इथली पद्धत आहे. कायम व्हायचंय ना?" तिला सहा महिने बघून मग कायम करणार होते. तिने लिहून दिला. दुपारी डबा खाताना होस्ट आणि क्लायंटचं सगळं मला तिनेच समजावलं, डब्याची झाकणं मांडून. पाच महिन्यांत तिने नवा होस्ट असा लावला की त्याच्याकडे कोणाला बघावं लागेना. त्याबद्दल तिला खासनीसांकडून ऐकायला मिळालं ते एवढंच, "पोरांच्या खेळण्यात काय जातंय?"

सहावा महिना चालू होता. शनिवार, अर्धा दिवस. शबाना एक वाजता घरी गेली. मी साठ्याची मोजणी करत बसलो होतो. रिपोर्टचा संगणक जुन्या होस्टवर होता आणि तिथली जागा भरत आली होती, कारण खासनीसांनी कसल्याशा कामाआधी त्याचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं. काम झालं की तो काढून टाकायचा असतो. खासनीस अकरा दिवस विसरले होते. आता तो काढायला बसले. साधारण पावणेतीनला खण उघडला, डायरी आली, बोट पानावर गेलं. मग ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले, ताडकन उठले, पुन्हा बसले आणि घाईघाईने कव्हर घालून खाली चहाला गेले. कव्हर उलटं घातलं होतं.

स्नॅपशॉट काढून टाकण्याऐवजी त्यांनी त्या स्नॅपशॉटवर परत जायचं बटण दाबलं होतं. रिपोर्टचा संगणक अकरा दिवस मागे गेला. अकरा दिवसांचे रिपोर्ट गायब. ज्यांचं ऑपरेशन रिपोर्टवर अडलं होतं असे लोक रविवारी सकाळी लॅबच्या दारात उभे होते. म्हस्के आणि मंडळींनी तपासणीच्या मशिनांमधून आणि कागदांवरून सगळं पुन्हा भरलं, चार दिवस लागले. शबाना त्यांच्याबरोबर बसली होती. लॉगमध्ये आपलं नाव आहे हे तिला सोमवारी कळलं.

गुरुवारी डॉक्टर मॅडमनी बैठक बोलावली. लॅब त्यांची. तापट बाई, पण ऐकून घेणारी. टेबलाशी त्या, खासनीस, शबाना आणि कोणत्या संगणकावर काय घातलंय याची यादी घेऊन मी. शबानाला काढून टाकण्याचं पत्र टाइप होऊन मॅडमच्या पुढ्यात पडलेलं होतं, फक्त सही बाकी होती. पुण्यातल्या लॅबवाल्यांना एकमेकांचं सगळं ठाऊक असतं. त्या पत्रानंतर तिला या धंद्यात कोणी उभं केलं नसतं.

खासनीसांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून लॉगची छापील प्रत काढली. शबानाच्या नावावर पिवळी रेघ मारली होती, पट्टी लावून. "मी काही बोलत नाही," ते म्हणाले. "कागद बोलतोय."

"त्या वेळी मी घरी होते, मॅडम," शबाना म्हणाली.

"लॅपटॉप घरी नेता ना? घरूनही करता येतं. घरून केलं तरी लॉगमध्ये पत्त्याच्या रकान्यात ऑफिसचाच पत्ता उमटतो."

"माझा पासवर्ड सरांच्या डायरीत आहे."

"सगळ्यांचेच आहेत. म्हणून सगळं मीच करतो का?" खासनीस मॅडमकडे बघून हसले. "नवीन मुलं आहेत. घाईत होतं असं. मी त्यांना वाईट म्हणणार नाही."

आता एक वाक्य माझ्याकडून यायला हवं होतं. शनिवारी पावणेतीनला हे केबिनमध्ये बसले होते आणि डायरी उघडी होती, एवढंच. माझ्या निवृत्तीला चौदा महिने होते. मी यादीची पानं सरळ करत बसलो.

शबानाने तो छापील कागद आपल्याकडे ओढला आणि नीट वाचला. मग तो खासनीसांपुढे ठेवला. "सर, माझ्या नावाच्या पुढचा रकाना वाचता का?"

"त्याचा काय संबंध?"

"वाचा ना," मॅडम म्हणाल्या.

खासनीसांनी वाचला. त्या रकान्यात, ज्या क्लायंटमधून हुकूम आला त्याचं व्हर्जन असतं. व्हर्जन वाचायचं म्हटल्यावर त्यांचा आवाज आपोआप खाली उतरला, गंभीर झाला आणि प्रत्येक टिंबावर थांबला.

"म्हणजे काय हे?" मॅडमनी विचारलं.

"हे जुनं व्हर्जन, मॅडम. जुन्या होस्टला हेच लागतं. नवीन क्लायंटला तो होस्ट आतसुद्धा घेत नाही."

"आणि हे जुनं कोणाकडे आहे?"

खासनीस खुर्चीत ताठ झाले. मी त्यांना सहा वर्षं पाहत होतो, पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. "माझ्याकडे. फक्त माझ्याकडे. कंपनीनेही काढून टाकलंय ते. आज सोनं देऊन मिळायचं नाही."

"शबानाच्या लॅपटॉपवर नाही?"

"छे! तिला कशाला देईन मी?"

मॅडमनी माझ्याकडे हात केला आणि मी यादी दिली. शबानाच्या लॅपटॉपपुढे नवा क्लायंट लिहिलेला होता. मॅडमनी यादी पाहिली, लॉग पाहिला, मग खासनीसांकडे पाहिलं. खासनीस अजून हसत होते. त्यांना कळायला पाण्याचा अर्धा ग्लास संपेपर्यंत वेळ लागला. मग त्यांनी तो कागद उचलून फोल्डरमध्ये घालायला घेतला.

"राहू दे तो इथे," मॅडम म्हणाल्या आणि शबानाचं पत्र त्यांनी मधोमध फाडलं.

इतक्या मूर्खपणे पकडला गेलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आपण काय केलं हे लपवायला त्यांनी पाच दिवस मेहनत घेतली होती. पण आपल्याकडे काय आहे, हे सांगायचा मोह त्यांना पाच सेकंदही आवरला नाही. असल्या माणसाने गायकवाडांचा संसार रस्त्यावर आणला होता, याची मला आजही चीड येते.

त्यांना काढलं नाही, राजीनामा द्यायला सांगितलं. मोठ्या पदांना आपल्याकडे तेवढी सवलत असते. शेवटच्या दिवशी सामान भरायला खोका हवा म्हणून ते स्टोअरमध्ये माझ्यापुढे आले. मी खोका दिला आणि नोंदवहीत सही घेतली. तेच सुंदर अक्षर, खाली दोन टिंबं. त्यांच्या अंगावर नेहमीचा इस्त्रीचा शर्ट होता. लाज, पश्चात्ताप असलं काही शोधायला गेलो असतो तर मला तिथे फक्त स्पिरिटचा वास आला असता.

खोका काखेत मारून ते वळले आणि थांबले.

"तांबे, शनिवारी तुम्ही बाहेर बसला होतात. गायकवाडांच्या वेळीही बसला होतात. तुम्हाला दिसत होतं, ते मला माहीत होतं."

मी पेनचं टोपण लावत राहिलो.

"पण खरं सांगू? तुमची मला एक दिवससुद्धा काळजी वाटली नाही."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. जुन्या सहकाऱ्याचे आभार मानावेत तसं मनापासून म्हटलं. मग खोका सांभाळत, कठड्याला हात लावत, ते जिना उतरून गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

थोड्या वेळाने शबाना आली. आता तिला कायम केलं होतं आणि दोन्ही जुने होस्ट बदलण्याचा प्रस्ताव तिच्या हातात होता.

"काका, सर काही म्हणाले का जाताना?"

"काही नाही," मी म्हणालो आणि फाईल घ्यायला हात पुढे केला.